श्रावणभाऊचा वाटा

१७ नोव्हेंबर १९८६

आजपासून मी इंजिन चालवणारी. मी, मनकर्णा, दहावीत दोनदा गणितात आपटलेली. हे असते तर पोट धरून हसले असते.

हे म्हणजे श्रावण. नाव लिहिताना हात अडखळला, कारण इतक्या वर्षांच्या संसारात तोंडानं कधी घेतलं नाही. पुढे 'हे'च लिहीन. दसऱ्यानंतर यांना हिवताप भरला आणि तो डोक्यात चढला. गावच्या लोकांनी खाटेवर घालून कुरखेड्याच्या दवाखान्याची वाट धरली, पण अर्ध्या वाटेतच सगळं संपलं. त्याच लोकांनी खाट परत आणली आणि बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवर माती दिली. आम्हाला मूलबाळ नाही. मागे उरलं ते हे इंजिन आणि मी.

आज सरकारी ऑफिसची जीप आली. इंजिनियरसाहेब गोबर गॅसच्या टाकीभोवती एक चक्कर मारून माझ्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. माणूस वाईट नाही. म्हणाले, चालवणारा नसेल तर इंजिन दुसऱ्या गावाला न्यावं लागेल, आणि तुम्हाला खोली सोडावी लागेल, खोली ऑफिसची आहे. कोसमटोला जंगलाच्या पोटात. इथे विजेची लाइन आमच्या हयातीत येत नाही. म्हणून तर यांनी दोन वर्षांपूर्वी गावासोबत ती विहीर खणली. घरोघरचं शेण तिच्यात जातं, वर लोखंडी टाकी पालथी घातलेली. गॅस झाला की टाकी वर उचलते, संपला की खाली बसते. त्या गॅसवर इंजिन, आणि सांजेला घराघरात एकेक बल्ब. दिवसा धान कांडायची गिरणी.

मी म्हटलं, मी चालवते. साहेब हसले नाहीत, पण हसू दाबलं ते मला दिसलं. तेव्हा वारलूभाऊ बोलले. गावातले सगळ्यात मोठे गोंड तेच, त्यांचा शब्द खाली पडत नाही. "बाईच चालवन. तिनं पाह्यलं आहे सारं." साहेब म्हणाले ठीक आहे, एप्रिलमध्ये मोठे साहेब तपासायला येतील. तोवर दिवे नीट लागले तर तुम्हाला कायम ठेवू. नाही लागले तर इंजिन उचलू.

खुशालभाऊ, माझा मोठा भाऊ, गडचिरोलीला एस.टी.त कंडक्टर आहे. सामान बांधून ठेव असा त्याचा निरोप होता. मी काही बांधलं नाही. यांना इथं एकटं टाकून मी कुठे जाऊ?

२१ नोव्हेंबर

इंजिन म्हणजे अडेल रेडा आहे. हँडल मारून मारून मनगट सुजलं. सुकरी, शेजारच्या घरची सून, शेण कालवायला येते. दोन लेकरांची आई, पण हात वाघिणीचा. शेवटी तिनं आणि मी मिळून हँडल फिरवलं तेव्हा कुठे धडधड सुरू झाली. आधी थोडं डिझेल, मग गॅसची कळ हळूहळू उघडायची. यांनी दाखवलं होतं, तेव्हा मी अर्धं लक्ष चुलीकडे ठेवून पाहिलं होतं.

बल्ब लागले आणि पोट्टे ओरडत बाहेर धावले. मी दाराकडे पाहत बसले. रोज दिवे लागले की हे हात पुसत आत येत आणि काय शिजवलं ते विचारत. आज कोणी आलं नाही. भात केला होता, तसाच झाकून ठेवला.

२६ नोव्हेंबर

आज गावाचा काही विधी होता. वारलूभाऊ कोंबडीचं पिलू घेऊन गावभर फिरत होते, मागे सगळे म्हातारे. जागोजागी तांदळाचे दाणे टाकायचे आणि पिलू सोडायचं. बोडीच्या पाळीवर सोडलं, तिथं त्यानं चोच लावली नाही. ज्या वाटेनं खाट नेली त्या वाटेवर सोडलं, नाही. गॅसच्या टाकीजवळ मात्र भराभरा दाणे टिपले. म्हाताऱ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. सोमारी, वारलूभाऊंची बहीण, पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाली, "काई नाई बाई, चांगलं झालं."

त्यांचं त्यांच्यापाशी. मला गिरणीचा पट्टा शिवायचा होता.

६ डिसेंबर

बाबासाहेबांचा दिवस. सकाळी तसबिरीसमोर मेणबत्ती लावून वंदना घेतली. मागच्या वर्षी हे मोठ्यानं म्हणत होते आणि मी मागून. आज माझा एकटीचा आवाज मलाच परका वाटला.

दुपारी सोमारी आली. उंबऱ्यात बसली, तंबाखू मळली आणि मग विचारलं, "बाई, तू श्रावणभाऊचा वाटा काढत नाईस?" मी म्हटलं कसला वाटा. म्हणाली, जेवणाचा. घरात भात शिजला की आधी गेलेल्या माणसाचा घास पानावर काढायचा, त्यांच्यात तसं करतात.

मी सरळ सांगितलं. आमच्यात पिंड नाही, श्राद्ध नाही, मेलेल्याच्या नावानं ताट नाही. या फेऱ्यातून आम्हाला बाहेर काढायला बाबासाहेबांनी जन्म खर्ची घातला, आणि हेसुद्धा त्या बाबतीत पक्के होते. सासूबाई गेल्या तेव्हा भाऊबंदांशी भांडून यांनी तेरवी होऊ दिली नव्हती. सोमारीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मंग तो जेवते कुठी?"

माझं डोकंच फिरलं. "कुठीच नाई. मेलेला माणूस जेवत नाई," असं मी इतक्या जोरात बोलले की बाहेर खेळणारी पोरं थांबली. सोमारी उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. माझ्या तोंडाला हल्ली काही धरबंध राहिलेला नाही. पण मी खोटं काय बोलले?

४ जानेवारी १९८७

हाडं गोठवणारी थंडी. हे म्हणायचे, थंडीत शेण आळशी होतं, गॅस निम्म्यावर येतो, तेव्हा लोकांना आधीच सांगून ठेवावं. मी सांगून ठेवलं होतं. आणि इथे टाकी रोज सकाळी वर! मागच्या थंडीत यांना तास-दीड तासच दिवे देता येत, मी पुरे तीन तास देते.

कारण मला ठाऊक आहे. मी कोमट पाण्यात शेण कालवते आणि टाकीभोवती तनसाचे पेंढे उभे केलेत. यांना हे सुचलं नव्हतं. असते तर आता चांगलं ऐकवलं असतं.

कुंडीजवळ, म्हणजे जिथून शेण आत सोडतो तिथं, भाताची शितं आणि पानाचा एक दोना सापडला. पोट्टे तिथं बसून खातात वाटतं. सगळ्यांना उभं करून झापलं, अन्न असं सांडू नये एवढं कळत नाही का. पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. सुकरी शेणातलं तनस वेचत होती, तिनं मान वर केली नाही.

२८ जानेवारी

इंजिनियरसाहेब येऊन गेले. म्हणाले, या थंडीत इतका गॅस आपल्याकडे कुठेच नाही, तुम्ही करता काय? मी कोमट पाणी आणि तनस सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, दुसऱ्या गावांनाही सांगणार आहेत. कायम करणं आता अवघड नाही असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले. मी दिवसभर हवेत होते.

सांजेच्या एस.टी.नं खुशालभाऊ आला, फाट्यापासून पुढे सहा किलोमीटर चालत. बरोबर मुरमुऱ्याचे लाडू आणि एक स्थळ. मुलचेऱ्याकडचा मास्तर आहे, बायको वारली, एक मुलगी. भाऊ चांगल्या मनानंच म्हणाला, "किती दिवस शेणात हात घालशीन मनकर्णे? माणसाच्या मागं कोणी मरत नाई." मी म्हटलं, मरत तर मीही नाही, दिवे लावून राह्यली. दिवे लागले तेव्हा मात्र दारात उभा राहून बराच वेळ पाहत होता. म्हणाला, श्रावणनं काम झकास केलं होतं. 'होतं' म्हणाला.

१८ फेब्रुवारी

इंजिनच्या मागे फटीत विडी सापडली. अर्धी ओढून विझवलेली, पुन्हा ओढायला जपून ठेवलेली. मला सांगत होते सोडली म्हणून. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आणि ओढायची कुठे, तर गॅसच्या शेजारी! शहाणा माणूस म्हणे. मी एकटीच तिथं उभी राहून यांना ताडताड बोलले, आणि बोलता बोलता जे रडू आलं ते थांबेचना. चार महिन्यांचं साचलेलं होतं. विहिरीच्या कठड्यावर बसून, टाकीवर डोकं टेकून रडले. लोखंड उबदार होतं. उन्हानं होतं, हे मला कळतं.

वारलूभाऊ वाटेनं चालले होते. थांबले, वहाणा काढल्या, हात जोडून जोहार केला आणि मग पुढे गेले. आपली केवढी इज्जत करतात ही माणसं. बाईमाणूस इंजिन चालवते म्हणून असेल.

१५ मार्च

होळी. मोहाची फुलं गळायला लागली. पहाटे झुंजूमुंजू होताच सगळं गाव टोपल्या घेऊन रानात, म्हातारे-पोरंसुद्धा. त्यामुळे शेण उशिरा येतं आणि कमी येतं. सुकरीला म्हटलं, टाकी खाली बसली तर माझी खोली जाईल, एवढं ध्यानात ठेव. म्हणाली, "टाकी नाई बसत बाई. आमी पाहून राह्यलो ना." फार भरवशाची पोरगी.

२८ मार्च

टाकी एवढी वर मी कधी पाहिली नाही! कडेनं बुडबुडे निघताहेत, गॅस मावत नाही. काल रात्रीचे दिवे अर्धा तास जास्त चालवले तरी उतरली नाही. शेण कमी, गॅस जास्त. उन्हाळ्याची ऊब लागली, दुसरं काय.

वारलूभाऊंना बोलावून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "श्रावणभाऊ खुश आहे, बाई." मी म्हटलं, असते तर झालेच असते.

आज ऑफिसला पोस्टकार्ड टाकलं. मोठ्या साहेबांना लवकर आणा, कधीही आणा, कोसमटोला तयार आहे. मिरवावं असं आयुष्यात पहिल्यांदा काही माझ्याजवळ आहे. मिरवणारच.

४ एप्रिल

काहीतरी बिनसलंय. टाकी वरच आहे, पण गॅस जळत नाही. शेगडीला काडी लावली तर ज्योत फडफडते आणि विझते. इंजिन खोकतं, धूर ओकतं, गॅसची कळ उघडली की बंद पडतं. नुसत्या डिझेलवर चालवावं तर महिन्याला एकच डबा मिळतो, तो दोन सांजांत संपेल. आज दिवे लाल होऊन विझले.

कुंडीजवळ आंबूस वास येतो, मोहाचा सडवा असतो तसा. कोणीतरी जवळपास दारूचं मडकं पुरलंय. शोधलं, सापडलं नाही. सुकरीच्या नवऱ्याला उगाच चार शब्द सुनावले.

७ एप्रिल

चुना कालवून सोडला. शेण बंद ठेवलं. हे म्हणायचे, याचं पोट गाईचं आहे, माणसाचं नव्हे. शेणाशिवाय काही घातलं तर आंबतं, आणि एकदा आंबलं की आतले जीव मरतात. मी तर शेणाशिवाय काही घातलं नाही. मग कोणी घातलं?

कुंडीशी माझ्याशिवाय एकच बाई असते. सुकरीला बोलावून विचारलं. ती बोलेना. मी हात धरून हलवलं, नाही नाही ते बोलले. माझ्या पोटावर पाय देतेस म्हणाले. ती नुसती रडत होती. मला पक्कं वाटलं की हीच दोषी आहे.

संध्याकाळी गाव अंधारात होतं. कोणी तक्रार करायला आलं नाही. तेच जास्त लागलं.

१० एप्रिल

सुकरीच्या आधी पोचावं म्हणून आज फटफटताच निघाले.

कुंडीजवळ अर्धं गाव होतं. बायका मोहफुलांच्या भरल्या टोपल्या घेऊन रांगेनं उभ्या. वारलूभाऊ एकेक टोपली हातात घेत, कपाळाला लावत आणि कुंडीत ओतत. सोमारी दोन्यातून भात सोडत होती. मला पाहून कोणी पळालं नाही, लपवलं नाही. सरकून मला जागा दिली, जणू मी येणारच होते.

मी विचारलं, हे काय करून राह्यले तुमी?

सोमारीनं सांगितलं. ते पिलू दाणे टिपायला टाकीजवळ थांबलं, त्या दिवशी गावाला कळलं की श्रावणभाऊ कुठे राहायला आला. आपण खणलेल्या विहिरीत, आपल्या टाकीखाली. तेव्हापासून रोज एका घरातून त्याचा वाटा जातो. आज या घरचा, उद्या त्या घरचा. भात, कोदो, आंबील, ज्या घरी जे शिजेल ते. थंडीभर टाकी वर येत होती ती त्याच्या पोटात अन्न होतं म्हणून. मग मोह आला. नवा मोह गेलेल्यांना दिल्याशिवाय हे लोक तोंडात घालत नाहीत, म्हणून घरटी एकेक टोपली पहिल्यांदा त्याला. आणि दिवे मंदावले तेव्हा गावाला वाटलं तो रुसला, त्याला कमी पडलं. म्हणून रोज घरटी एकेक.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"तू देत नव्हतीस बाई," सोमारी म्हणाली. "तुमच्या धरमात नाई, ते खरं. तुले दुःख काऊन देवाचं? पर तो आमच्या गावात मेला. आमच्या गावात कोणाले उपाशी नाई ठेवत."

मला तेव्हा काही कळलं नाही. मला फक्त यांचा आवाज ऐकू येत होता, पोट गाईचं आहे, पोट गाईचं आहे. मी म्हटलं, "एकदा तो तापानं मेला. आता तुमी मारलं त्याले. कोणी एक दाणा टाकाचा नाई इथी."

वारलूभाऊंच्या हातात टोपली होती. त्यांनी ती खाली ठेवली. सगळी माणसं एकेक करून निघून गेली, आणि सुकरी सगळ्यांत शेवटी.

१४ एप्रिल

जयंती. यांनी मागच्या वर्षी तसबिरीभोवती बल्बांची माळ लावली होती, आणि गोंडांची पोरंही खीर खायला आली होती. यंदा एक मेणबत्ती. खीर केली नाही.

सांजेला वारलूभाऊ आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, अंगणात उकिडवे बसले. म्हणाले, "आमाले मालूम नव्हतं बाई. जो खाते त्याचं पोट बिघडते, हे आमाले कसं मालूम नाई झालं?" म्हातारा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ते बराच वेळ बसून गेले.

१७ एप्रिल

माझ्याच पोस्टकार्डानं मोठे साहेब लवकर आले. स्वच्छ पांढरा शर्ट, हातरुमाल नाकाला. इंजिनियरसाहेबांनी शेगडीला काडी लावली. विझली. दुसरी लावली, विझली. त्यांचा चेहरा मला पाहवेना, कारण माझ्या कोमट पाण्याचं कौतुक त्यांनीच वर कळवलं होतं.

वास सगळ्यांना येतच होता. मोठ्या साहेबांनी विचारलं, आत काय टाकलंय? गाव मागे उभं होतं. वारलूभाऊ एक पाऊल पुढे आले, सांगायलाच आले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी टाकलं साहेब. मोहफुलं. गॅस वाढेल वाटलं मला."

खरं सांगितलं असतं तर ही माणसं परतीच्या वाटेवर जीपमध्ये हसली असती. पुढे दहा ठिकाणी गोष्ट सांगितली असती, अडाणी जंगली लोक कसे मेलेल्याला जेवू घालतात त्याची. यांच्या नावावर हसली असती. ते मला चाललं नसतं. हसायचं तर मला हसा.

मोठे साहेब म्हणाले, बायकांच्या हाती मशीन दिलं की असंच होतं. मी विचारलं, विहीर उपसून पुन्हा भरली तर? इंजिनियरसाहेब हळू आवाजात म्हणाले, पावसाळ्यापर्यंत वेळ जाईल बाई, आणि तोवर इंजिन बसवून ठेवता येत नाही, दुसरं गाव वाट पाहतंय. मी पुन्हा विचारलं नाही.

जीप गेली. सुकरी आली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मी तिचा हात धरला. ज्या हाताला धरून हलवलं होतं तोच.

३ मे

ट्रक आला. इंजिन गेलं, जनरेटर गेला, तारा गुंडाळून गेल्या. बल्ब परत करायचे होते. प्रत्येक घरातून एकेक जण बल्ब फडक्यात गुंडाळून घेऊन आला, लेकराला दवाखान्यात नेतात तसा छातीशी धरून. एकही फुटला नव्हता. टाकी विहिरीवरून निघेना म्हणून ती राहिली, गंजून जाईल.

खुशालभाऊ परवा येतो. मास्तराचं स्थळ अजून आहे म्हणतो. पाहू म्हटलं. मला आता कशाचंच काही वाटत नाही.

५ मे

सामान एका पेटीत मावलं. दुपारी भाऊ येईल.

सकाळी सोमारी भांडी बांधायला आली होती. मी विचारलं, ज्या दिवशी मी ओरडले त्या दिवसापासून कोणी तिकडे काही टाकलं का? ती म्हणाली, "नाई. तू मना केलं ना." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता म्हणाली, आता त्याचं कसं होईल, तू पण जाऊन राह्यली.

ती गेली आणि मी बांधलेली भांडी सोडली. चूल पेटवली. भात टाकला, मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा होत्या त्या जवस-लसणाच्या वाटणात केल्या, जरा जास्तच तिखट. करताना माझं मन मला विचारत होतं, मनकर्णा, काय करतेस? बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं नाही, ती आधीच पेटीत गेली होती. मी मानत नाही. आजही मानत नाही. मेलेला माणूस जेवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि हे असते तर त्यांनीच मला हात धरून थांबवलं असतं.

पण हिवाळाभर त्यांच्यासाठी गावात भात शिजला. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात आंबिलीवर दिवस निघतो त्यांनीही वाटा काढला. पलीकडच्या घरच्या इसरूच्या आंधळ्या आईनं काढला. ज्या सुकरीला मी चोर म्हटलं तिनं काढला. साऱ्या घरांचं पोचलं. एकच घर राहिलं होतं.

ताट घेऊन कुंडीशी गेले. आत वाळून खपली धरलेली. भात ठेवला, भाजी ठेवली, तांब्यातून पाणी घातलं. वारलूभाऊ लांब धानाच्या शेताच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली, बाईचा नवरा जेवत असताना तिच्याकडे पाहू नये म्हणून.

घरी मी कधी ताट वाढून उठून गेले नाही. त्यांचं जेवून होईपर्यंत तिथेच बसून राहिले.